अहो ऐकलंत का, त्यांची तीस इंची आहे!

नाव कुणाचंच घेणार नाही. देवणी 1999 साली तालुक्याचं ठिकाण झालं, पुढे नगरपंचायत आली, पण सकाळी बसस्टँडवर उच्चारलेलं नाव दुपारच्या भाकरीआधी ज्याचं त्याच्या घरी पोचतं, त्यात काही फरक पडलेला नाही. म्हणून नावं राहू द्या. पण गप्प बसणंही आता माझ्याच्याने होत नाही. गावात गोल्फच्या छत्र्या आल्या आहेत! एखाददुसरी असती तर डोळेझाक केली असती. पण परवा बाजारात कांद्याच्या ढिगापुढे तीन छत्र्या एकमेकींना अशा अडकल्या की तिघांपैकी कुणालाच कांदा दिसेना, आणि भाव मात्र तिघांनीही केला.

बरं, गोल्फ कुठाय? देवणीत नाही, उदगीरला नाही, निलंग्याला नाही. बघायचाच म्हटलं तर हैदराबाद गाठावं, तिथे गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात मैदान आहे. हा अठरा खड्ड्यांचा खेळ, असं म्हणतात. आमच्या रस्त्यांना अठरावर थांबायची सवय नाही, तेवढाच काय तो आमचा गोल्फशी संबंध.

आणि पाऊस तरी किती? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि तिथली माणसं साध्या काळ्या छत्रीवर जन्म काढतात. आपल्या जिल्ह्यात सातशे-आठशे पडला तर आपण वर्ष चांगलं गेलं म्हणतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या जिल्ह्यातल्या माणसाने डोक्यावर सव्वाचार फुटांचा घेर कशासाठी धरावा? मी एकाला विचारलंच.

"उन्हासाठी," तो म्हणाला. "पाऊस काय, आला तर आला. ऊन रोज यायलंय की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे महिन्यात देवणी ते वलांडी रस्त्यावर उभं राहून एसटीची वाट पाहिलेल्या कुणाकडेच नसेल. आणि 2025 च्या ऑगस्टात मुखेड-उदगीरच्या पट्ट्यात जो पाऊस झाला, तो छत्रीचा पाऊसच नव्हता. त्यापुढे मापाच्या गप्पा करू नयेत. आपण आपल्या साध्या दिवसांबद्दल बोलू.

तर खरी भानगड मापाची आहे. ती आमच्याच गल्लीत घडली, म्हणून मला तपशिलासकट माहीत आहे. दोन घरं समोरासमोर. एका घरचा जावई पुण्याला असतो. तो आषाढात आला तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री घेऊन. मुठीजवळचा खटका दाबला की फट्ट करून उघडते, वर दुहेरी कापड, मूठ फोमची. छत्रीच्या चिठ्ठीवर छापलं होतं: तीस इंच. सासूबाईंनी ती मिटू दिली नाही. दिवसभर ओट्यावर उघडीच, वाळत घातल्याच्या निमित्ताने. ती भिजलेलीच नव्हती, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. एक म्हातारी जाता जाता थांबली आणि म्हणाली, "काय वो, ही छत्री हाय का मांडव?" सासूबाईंना ते कौतुक वाटलं.

समोरच्या आप्पांना हे पचलं नाही. त्यांनी रात्रीतून नातवाला मोबाईल काढायला लावला. "तीसपेक्षा मोठी बघ." नातवाने चोपन्न इंची शोधून दिली. चोपन्न! आप्पांनी चार दिवस ज्याला त्याला ऐकवलं, "त्यांची तीस हाय, आपली चोपन्न यायलीय." सासूबाईंच्या घरी दोन दिवस भांडी जरा जास्तच आपटली गेली.

पाचव्या दिवशी डबा आला, आप्पांनी चारचौघांसमोर छत्री उघडली, आणि ती समोरच्या तीस इंचीपेक्षा लहान निघाली.

मंडळी, त्या वेळी आप्पांचा चेहरा मी पाहिला आहे, त्यावर मी बोलणार नाही. पुढचं ऐका. फसवणूक झाली म्हणून आरडाओरडा, कंपनीला फोन, नातवाला शिव्या. शेवटी कोपऱ्यावरचे शिंपीकाका गळ्यात टेप तसाच लटकवून आले. दोन्ही छत्र्या उघड्या करून ओट्यावर पालथ्या घातल्या. आधी टोकाच्या बोंडापासून एका काडीच्या टोकापर्यंत टेप धरला: जावयाची तीस, आप्पांची सत्तावीस. मग या काडीच्या टोकापासून वरून, कापडाच्या फुगवट्यावरून, पलीकडच्या काडीच्या टोकापर्यंत: जावयाची साठ, आप्पांची चोपन्न. मग छत्र्या उताण्या केल्या आणि खालून सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप ताणला: जावयाची बावन्न, आप्पांची सत्तेचाळीस. शिंपीकाकांनी कानामागची खडूची कांडी काढली, फरशीवर सहा आकडे लिहिले आणि म्हणाले, "कंपनी खोटं बोलली न्हाई, आप्पा. एकानं बाही मापली, एकानं घेर मापला."

इथे सगळ्या गावाची दिशाभूल आहे, आणि ती देवणीपुरती नाही. आपल्याकडचा छत्रीवाला पिढ्यान्‌पिढ्या काडीच्या लांबीने बोलत आला. मुंबईची स्टॅग छाप छत्री करणारी इब्राहिम करीम यांची पेढी 1860 पासूनची आहे. काडीवरून माप सांगायची रीत अशा दुकानांमधून आपल्या अंगवळणी पडलेली. तेवीस म्हणजे साधी, पंचवीस म्हणजे जरा मोठी, सत्तावीस म्हणजे दोघांची, तीस म्हणजे गोल्फची. बाहेरच्या कंपन्या मात्र वरचा फुगवटा मोजून छापतात, कारण आकडा दुप्पट दिसतो. साठ इंची, बासष्ट इंची, अडुसष्ट इंची, सगळे फुगवट्याचे आकडे. पाऊस अडतो तो यापैकी कशानेच नाही. तो अडतो खालच्या सरळ रुंदीने, आणि ती रुंदी फारच थोड्या चिठ्ठ्यांवर छापलेली असते. साठ म्हणून घेतलेली छत्री डोक्यावर बावन्न-त्रेपन्नच धरते. साधी तेवीस इंची धरते चाळीसच्या आसपास.

आता तेवीस आणि तीस यांत फरक किती? बोलायला सात इंच. पण रुंदी फूटभर वाढली की कापड जवळजवळ पावणेदोन पटीने वाढतं, कारण घेर चारी बाजूंनी वाढतो. जेवढं कापड तेवढा वारा. म्हणून तर त्या दुहेरी कापडाची करामत: वरच्या टोपीखाली फट ठेवलेली असते, खालून शिरलेला वारा तिथून निसटतो आणि छत्री उलटत नाही. एकेरी कापडाची तीस इंची स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत, तर मृगाच्या पहिल्या वावटळीत काड्या आभाळाकडे आणि तुम्ही कापडाच्या मागे, असा देखावा गावाला फुकट दाखवाल. वजनाचंही तसंच. तीन घडीची छत्री पर्समध्ये विसरून जाता येते. ही बया अर्धा किलोच्या वर, काही तर पाऊण किलोच्या घरात. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात ही, असं बाजारातून घरी येऊन दाखवा, मग पुढे बोलू.

तिकडे गोल्फवाल्यांना एवढी मोठी लागते कशाला, हेही मी विचारून ठेवलं आहे. त्यांच्या खेळात माणूस एकटा नसतो. खेळाडू असतो, त्याची पिशवी असते, पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात (नियमाने चौदाच्या वर चालत नाहीत), आणि पिशवी वाहणारा असतो. काठ्यांच्या मुठी भिजल्या की हात सटकतो, म्हणून छत्री मुख्यतः पिशवीसाठी. चार-साडेचार तास उघड्या माळावर चालायचं, आडोसा नाही, शेजारून जाणाऱ्याच्या डोळ्यात काडी जाण्याचा संभव नाही. तिथे अडुसष्टही शोभते. आमच्या गल्लीत आठ फुटांची बोळ आहे. दोन तीस इंची छत्र्या समोरासमोर आल्या की बावन्न नि बावन्न एकशे चार इंच, म्हणजे आठ फूट आठ इंच. आठ इंच कुणी कमी व्हायचं? रीत अशी होती की समोरून वडीलधारं माणूस आलं की आपण छत्री तिरपी करायची. आता तीस इंचीवाला तिरपी करत नाही. सत्तावीसवाल्याने करावी अशी त्याची अपेक्षा असते. परवा दोन समवयस्क, दोघेही तीसवाले, भर बोळात छत्र्यांना छत्र्या भिडवून उभे राहिले. पाऊस थांबला तेव्हा दोघांनी मिटवल्या आणि काही न बोलता आपापल्या वाटेने गेले.

आणखी एक गोल्फची गंमत, ही मला फार आवडली. त्यांच्या नियमावलीत असं आहे की खेळाडूने फटका मारताना स्वतःच्या हातात छत्री धरली तर हरकत नाही, पण त्याच्या पिशवीवाल्याने त्याच्या डोक्यावर धरली तर दंड, दोन फटक्यांचा. आता आपल्याकडे बघा. नारळ फोडायचा असो, कुदळ मारायची असो, फीत कापायची असो, पुढाऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्याने छत्री धरल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. हल्ली तर धरणाऱ्याची प्रतिष्ठाही इंचांवर गेली आहे. साधी छत्री घेऊन आलेला कार्यकर्ता मागे ढकलला जातो आणि तीस इंचीवाला फोटोत येतो. फोटोत अर्धा पुढारी, अर्धा कार्यकर्ता आणि वर सगळी छत्री. तो गोल्फचा नियम इकडे लावला तर कुणाचे किती फटके होतील, हिशेब तुम्हीच करा.

याला इतिहास नाही असं नाही. 1956 पर्यंत आमचा तेव्हाचा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता, त्याआधी सगळंच निजामाच्या राज्यात. कुणावर छत्र धरायचं, कुणामागे अब्दागिरी चालायची, हे मान दरबारात ठरायचे. आता सात-आठशे रुपयांत ठरतात, आणि घरपोच येतात. लग्नात तर विचारूच नका. फेटा बांधलेला नवरदेव, घोडा, पुढे डीजे, आणि वर मित्राने धरलेली चंदेरी अस्तराची गोल्फ छत्री. वैशाखाचं ऊन असतं, पोरगं घामाघूम, त्याला सावली मिळाली तर मी कशाला नाव ठेवू? पण गेल्या मोसमात वधूपक्षाच्या एका काकूंनी मुलाच्या घरची माहिती काढताना शेत किती, नोकरी कुठली, याच्यानंतर तिसरा प्रश्न विचारला तो छत्रीचा. "पोरगं चांगलं हाय, पन त्यांच्यात अजून तेवीस इंचीच हाय म्हनं." सोयरीक जुळली, छत्रीवरून मोडली नाही. पण विचारलं गेलं, ही गोष्ट उरतेच.

छत्रीवरून घर फुटल्याची उदाहरणं मात्र आहेत. केरळात आलप्पुळ्याला सेंट जॉर्ज नावाचं छत्र्यांचं एक जुनं घर होतं. 1995 साली दोघे भाऊ वेगळे झाले, एकाने पॉपी काढली, दुसऱ्याने जॉन्स. दोघांच्या छत्र्या आजही जोरात खपतात. आप्पा आणि सासूबाई यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, पण वाचलं तर दोघंही छत्र्यांची दुकानं टाकतील अशी भीतीही आहे.

आता बैलाकडे वळू. देवणीत राहून देवणी बैलाबद्दल न बोलणं शक्य नाही, हे नाव जगात गेलं ते त्याच्याच पाठीवरून. वानेरा तो तोंडाने काळा नि अंगाने पांढरा, बालंक्या तो सगळाच पांढरा, शेवरा तो अंगावर काळे ठिपके-ठिगळं असलेला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत ज्याने असा बैल डौलात उभा असलेला पाहिला, त्याला छत्रीचा डौल फिका वाटेल. तर आमच्या ओळखीच्या एकाने प्रदर्शनात आपल्या वानेऱ्याला ऊन लागू नये म्हणून तीस इंची घेतली. मुद्दाम पांढरी, काळ्या तोंडाला उठून दिसावी म्हणून. बैलाजवळ जाऊन त्याने खटका दाबला. फट्ट! बैलाने आयुष्यात हा आवाज ऐकलेला नव्हता. दावं ताणलं, मेख निघाली, आणि पुढची दहा मिनिटं प्रदर्शनात बैल पुढे, मालक मागे, छत्री सगळ्यांच्या मागे असा कार्यक्रम झाला. परत आणल्यावर बैल गरीब होऊन उभा राहिला, तेव्हा कळलं की छत्रीखाली एक तर डोकं आणि वशिंड येतं, नाहीतर मागचा पुठ्ठा. सबंध बैल मावत नाही. देवणी बैलाच्या मापाची छत्री अजून कुणी काढलेली नाही. मालकाने मग ती स्वतःवर धरली. बैल उन्हात, मालक सावलीत, आणि पाहणारे दोघांकडेही बघून हसत.

दोन गोष्टी मात्र चेष्टेच्या नाहीत. पहिली, मोटारसायकलवर मागे बसून छत्री उघडणं. साडीचा पदर सांभाळत, मांडीवर पोर घेऊन, वर तीस इंची धरून बायका उदगीरपर्यंत जातात. समोरून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने छत्री मागे ओढली जाते आणि तिच्यासोबत बाई. केरळच्या परिवहन खात्याने 2021 साली दुचाकीवर उघड्या छत्रीला मनाईच केली, ती अशाच अपघातांमुळे. तेवीस इंचीनेही माणूस पडतो, तीस इंची तर त्याला उचलतेच. दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून माणसं नि जनावरं जातात, हे दरवर्षीचं आहे. उघड्या रानात उंच धरलेली छत्री, मग दांडा फायबरचा असो की लोखंडाचा, अशा वेळी मिटवायची आणि पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही. गोल्फवाल्यांनाही याची किंमत माहीत आहे. 1975 साली शिकागोजवळ खेळताना ली ट्रेव्हिनो नावाच्या मोठ्या खेळाडूला विजेचा झटका बसला, पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप फुकट आहे, जवळपास वीज पडणार असेल तर आधी इशारा देतं. छत्री मागवायला मोबाईल हातात घेताच आहात, तर तेही घेऊन टाका.

बाकी, एसटीत ही छत्री कुठे ठेवायची याचा निकाल अजून लागलेला नाही. मिटवली तरी हातभर नव्हे, चांगली तीन फुटांच्या वर लांब. फळीवर आडवी बसते, पण वळणावर घसरून खालच्याच्या डोक्यात येते. मांडीवर उभी धरली तर पुढच्याच्या मानेला टोक लागतं. एका वाहकाने परवा सरळ विचारलं, "हिचं अर्धं तिकीट फाडू का?"

तर माझं मत, विचारलंत म्हणून. देवणीच्या बाजारात, बोळीत, एसटीत वावरणाऱ्या एकट्या माणसाला पंचवीस इंची पुरे, नवरा-बायको एकत्र निघत असतील आणि बोलणं चालू असेल तर सत्तावीस. उंचीने कमी असाल तर त्याहून मोठी अजिबात घेऊ नका, तुमच्या काड्यांची टोकं बरोबर दुसऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. तीस इंची घ्यावी ती ज्याला बांधावर तासन्‌तास उभं राहायचं आहे त्याने, आणि तीही दुहेरी कापडाची. दुकानात गेलात तर छापील आकड्यावर जाऊ नका, टेप मागा, छत्री उताणी करून खालून सरळ रुंदी मोजा, आणि दुकानदार कुरकुरला तर आमच्या शिंपीकाकांना घेऊन जा, चहावर येतात. नवरदेवाच्या घरच्यांना मात्र तीस इंचीची मुभा. वरात संपली की ती मिटवावी आणि डीजेच्या गाडीत विसरू नये, तिथून ती परत येत नाही.